मानेवरचे मणी

मणीवाल्याला निवांत बसलेलं कुणी कधी पाहिलं नव्हतं. जेवायला बसला तरी त्याचा एक पाय दाराकडे असायचा, आणि चहा तर तो अंगणात येरझाऱ्या घालतच प्यायचा. त्याची सासू म्हणायची, "पाहुण्यांना कुठली गाडी गाठायचीय कोण जाणे." त्याच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, त्याची मुलगी कॉलेजात गेली, तरी सासूच्या लेखी तो पाहुणाच होता. तो घरजावई होता ना. घरजावयाला घरात सगळं मिळतं, फक्त घराला आपलं म्हणायची सवलत तेवढी मिळत नाही.

तो या गावचा नव्हताच. तरुणपणी एका मालवाहू बोटीवर फिटर म्हणून आला. बोटीचं इंजीन बिघडलं, सुटा भाग यायला वेळ लागला, आणि तेवढ्यात डोंगराच्या पायथ्याशी ज्या घरात त्याने खोली भाड्याने घेतली होती, त्या घरच्या मुलीशी त्याचं जमलं. भाग आला, बोट गेली, हा राहिला. सासऱ्यांनी बरेच आढेवेढे घेतले. सासूने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "पाहुणे, गळका नळ दुरुस्त करता येतो का?" येत होता. मग सासऱ्यांचं काही चाललं नाही.

मणीवाला हे नाव त्याला पुढे मिळालं, नोकरीमुळे. गावामागच्या खोऱ्यात इग्वाना राहतात. इग्वाना म्हणजे घोरपडीएवढा सरडा, दिसायला उग्र, स्वभावाने गरीब, पाला आणि फुलं खाणारा. त्या जातीचे सरडे त्या खोऱ्याबाहेर फारसे उरले नव्हते. कारण बोटींबरोबर बाहेरचे इग्वाना आले होते, काही लाकडाच्या ओंडक्यांत लपून, काही रोपांच्या कुंड्यांतून, आणि काही हौशी लोकांच्या पिंजऱ्यांतून. या हौशी लोकांबद्दल काय बोलावं? पिल्लू हातावर मावतं तोवर कौतुक, आणि हातभर झालं की रात्री नेऊन रानात सोडायचं. बाहेरचे हे सरडे दणकट, भराभर वाढणारे, आणि इथल्या मादीपेक्षा कितीतरी जास्त अंडी घालणारे. त्यांनी नुसती मारामारी केली असती तर परवडलं असतं. त्यांनी सोयरीक केली. दोघांची पिल्लं जगतात, वाढतात, त्यांनाही पिल्लं होतात, आणि दर पिढीला इथलं काहीतरी पुसलं जातं. शेजारच्या खोऱ्यात तेच झालं. तिथे आजही झाडं सरड्यांनी लगडलेली आहेत, पण त्यात इथला एकही नाही.

म्हणून गावात एक कचेरी उघडली. तिचं पाटीवरचं नाव वाचेपर्यंत माणूस पुढे निघून जायचा, त्यामुळे सगळे तिला सरड्यांचं ऑफिस म्हणत. तिच्या प्रमुखपदी प्राण्यांच्या एक डॉक्टर होत्या, शांत आणि कामाला वाघ अशा बाई. बंदरावरचं काम कमी झालं तेव्हा मणीवाला त्यांच्याकडे लागला. दिवसभर चालायचं, चढायचं, शोधायचं. या माणसासाठीच नोकरी काढली होती म्हणा ना.

मासे धरायच्या लांब काठीच्या टोकाला दोऱ्याचा फास असायचा. तो हळूच सरड्याच्या गळ्यात अडकवायचा, सरडा खाली घ्यायचा, आणि दोन गोष्टी बघायच्या. बाहेरच्याच्या शेपटीवर पट्टे असतात आणि कानाखाली शर्टाच्या बटणाएवढा गोल खवला असतो. इथल्याची शेपटी एकरंगी, कानाखाली सगळं बारीक बारीक. खवला आहे पण लहान, पट्टे आहेत पण पुसट, असं दिसलं की तो मधला. ऑफिसात हेच तीन शब्द चालत: इथले, बोटीचे आणि मधले. बोटीचे आणि मधले पोत्यात जायचे, आणि पोत्यातून डॉक्टरबाईंच्या इंजेक्शनकडे. इथल्याच्या मानेमागच्या काटेरी तुऱ्यातून सुई घालून नायलॉनच्या दोऱ्यात रंगीत मणी बांधायचे आणि त्याला सोडून द्यायचं. प्रत्येकाची रंगांची जोडणी वेगळी. पुन्हा दिसला की दुर्बिणीतून मणी वाचायचे, पकडायचं नाही. त्या जिवाला सारखं कशाला घाबरवायचं, असा त्यामागचा विचार होता, आणि तो चांगलाच होता. मणी ओवून ठेवायचं काम मणीवाल्याची बायको करायची. याच्या हाताला तेवढा धीर कुठला?

घराच्या अंगणात बदामाचं मोठं झाड होतं आणि त्या झाडावर मालकीण राहायची. हे नाव सासूनेच ठेवलेलं. मालकीण म्हणजे पिवळा-निळा-पिवळा मण्यांची थोराड मादी. ती हातभर असताना मणीवाल्यानेच तिला याच झाडावरून उतरवून मणी बांधले होते. लहानपणी सगळेच इग्वाना पोपटी असतात, खवला-पट्टे नीट कळत नाहीत, आणि रक्त तपासायची सोय तेव्हा ऑफिसात नव्हती. सासरे गेले, नात शिकायला लांब गेली, मुलगी नोकरीला जायची, जावई तर घरात असूनही घरात नसायचा. म्हातारीला दिवसभर सोबत उरली ती मालकिणीची. सकाळी सासू काठीच्या टोकाला जास्वंदीचं फूल खोचून वर धरायची, आणि मालकीण फांदीवरून मान लांब करून ते ओढून घ्यायची. सासू तिच्याशी बोलायची. जावयाची गाऱ्हाणीसुद्धा तिलाच सांगायची, आणि तीही मुद्दाम जावयाला ऐकू जातील अशी.

त्या वर्षी पावसाळा सरल्यावर खोऱ्याच्या तोंडाशी एक पिल्लू सापडलं. रक्त तपासलं तर मधलं निघालं. मग आणखी एक सापडलं, मग आणखी. डॉक्टरबाईंनी भिंतीवरच्या नकाशात टाचण्या टोचल्या आणि त्या म्हणाल्या की यांची आई इथेच कुठेतरी आहे, ती सापडेपर्यंत दुसरं काही करायचं नाही.

मणीवाल्याने रान पिंजून काढलं. ओढा, दगडखाण, पडकी गोदामं, शाळेमागची झाडी, कुठे म्हणून बघायचं ठेवलं नाही. मण्यांचे सरडे दिसायचे, तो मणी वाचून पुढे जायचा. मण्यांशिवायची मोठी मादी काही दिसेना. त्याची झोप उडाली. तो जेवता जेवता उठून दुर्बीण घ्यायचा. बायको म्हणाली, "अहो, पायाला भिंगरी होतीच, आता डोक्यालाही लागली का?" तो हसलासुद्धा नाही. ते खोरं गेलं तर या सरड्यांना जायला दुसरी जागा नाही, हे त्याला ठाऊक होतं, आणि हे ठाऊक असणाऱ्या माणसाला रात्री झोप लागू नये यात नवल नाही.

एका सकाळी तो अंगणात चहा घेऊन फेऱ्या मारत होता. सासूने फूल वर धरलं होतं. मालकीण नेहमीपेक्षा खाली उतरली, फुलासाठी मान वळवली, आणि पानांतून आलेलं ऊन तिच्या गालावर पडलं. कानाखाली एक गोल खवला होता. बोटीच्यासारखा मोठा नव्हता, पण होता. मणीवाला चालता चालता थांबला. सासूला तेवढ्यानेच कळलं की काहीतरी बिनसलंय.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. आणि यात वेंधळेपणा नव्हता, हीच तर दुखरी गोष्ट होती. मणी दिसले की नजर तिथेच थांबायची. त्याची थांबायची, डॉक्टरबाईंची थांबायची, सगळ्यांची थांबायची. मण्यांमुळेच इतकी वर्षं तिच्या कानाखाली कुणी पाहिलं नाही. ज्या खुणेने इथल्यांना जपायचं, त्याच खुणेने तिला जपलं होतं.

दोन दिवस तो ऑफिसात गेला, परत आला, बोलला नाही. तिसऱ्या दिवशी मालकीण झाडावर नव्हती. संध्याकाळी परतली तेव्हा तिचं पोट आत गेलं होतं, कातडीला सुरकुत्या पडल्या होत्या, नाकावर वाळू होती. म्हणजे तिने जवळच कुठेतरी बीळ खणून अंडी घातली होती. आता गप्प बसणं म्हणजे पोरखेळ झाला असता. त्याने ऑफिसात जाऊन डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी आधी त्याला पाणी दिलं, मग म्हणाल्या की मण्यांचे सगळेच आता पुन्हा तपासावे लागतील, ही चूक सगळ्या ऑफिसची आहे. मादी घेऊन या, आणि बीळही शोधा. पिल्लं बाहेर पडून रानात पांगली की मग ती हाती लागत नाहीत.

घरी सांगायचं राहिलं होतं. बायको म्हणाली, "आईला तुमचं तुम्ही सांगा. मी मध्ये पडणार नाही." सासू पडवीत लोखंडी खुर्चीवर बसली होती.

"आई, मालकीण इथली नाही. मधली आहे," तो म्हणाला. "तिला न्यावं लागेल."

सासूने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "तुम्हीही बोटीनंच आलात, पाहुणे. तेव्हा तुमच्या कानाखाली कुणी बघितलं नव्हतं."

तिने पुढे विचारलं, "आणि माझी नात? ती कुठली, इथली का मधली?"

माणसं आणि सरडे यांच्यात फरक आहे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तो नेमका कोणता हे सांगायची पाळी आली की भल्याभल्यांची दातखीळ बसते. मणीवाल्याची बसली. तो रात्रभर कूस बदलत राहिला आणि दुसरा दिवसभर खोऱ्यात नुसता भटकला. एकही सरडा त्याने नीट पाहिला नाही. संध्याकाळी परत येऊन तो चपला न काढताच सासूसमोर उभा राहिला.

"मी आलो म्हणून इथलं माणूस संपलं नाही, आई," तो म्हणाला. "ती राहिली तर हे संपतात."

"एवढं उत्तर शोधायला दिवस लागला तुम्हाला?"

"लागला."

"म्हणजे खरं असेल," सासू म्हणाली आणि आत जाऊन तिने दार लावून घेतलं.

सकाळी फूल घेऊन कुणी आलं नाही. मालकीण नेहमीच्या फांदीवर उतरली, खिडकीकडे बघत राहिली. रानातल्या सरड्यापाशी फास न्यायचा म्हणजे श्वास रोखून धरावा लागतो. इथे काहीच करावं लागलं नाही. काठी पुढे आली तर तिने मान आपणहून लांब केली, तिला वाटलं फूल आहे. मणीवाल्याला आयुष्यात इतकं सोपं काम कधी मिळालं नव्हतं, आणि कुठलंच काम त्याला इतकं जड गेलं नव्हतं. डॉक्टरबाईंनी इंजेक्शन दिलं तेव्हा तिला त्यानेच धरलं होतं. मग त्याने कात्रीने दोरा कापला, मणी खिशात टाकले, आणि घरी आल्यावर सासूच्या औषधांच्या डब्याशेजारी ठेवले. दुसऱ्या दिवशी ते तिथे नव्हते. कुठे गेले हे त्याने विचारलं नाही.

राहिलं बीळ. मणीवाल्याने फावडं उचललं आणि कुंपणाकडून सुरुवात केली. झाडाखाली खणलं, नळाजवळ खणलं, पायवाटेच्या कडेने खणलं. शेजारचा शिंपी भिंतीवरून म्हणाला, "सासऱ्यांनी पुरलेलं सोनं सापडलं की आम्हालाही हाक मारा."

अंगणाच्या कोपऱ्यात, भिंतीलगत, न्हाणीघर बांधताना उरलेली वाळू पसरलेली होती. ती उचला म्हणून सासूने वर्षानुवर्षं त्याचं डोकं खाल्लं होतं. मालकीण पकडली त्याच दिवशी सासूने लेकीकडून आपली खुर्ची पडवीतून त्या वाळूवर नेऊन ठेवून घेतली, भिंतीला टेकून. सकाळी उन्हासाठी, दुपारी सावलीसाठी, संध्याकाळी वाऱ्यासाठी, निमित्तं बदलायची, जागा नाही. रात्री ती आत जायची पण खुर्ची तिथेच राहायची. आणि वाळू उचला हे वाक्य घरात पुन्हा ऐकू आलं नाही.

मणीवाल्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं. त्याला कळलंय हे सासूलाही कळलं होतं. तो सगळं अंगण खणत होता ते एवढ्याचसाठी, की खणण्यासारखी दुसरी जागा उरली आहे तोवर ती एक जागा खणावी लागू नये. अंगण तिचं, वाळू तिची, खुर्ची तिची, आणि त्या खुर्चीवर ती. घरजावई सासूला तिच्याच अंगणात ऊठ म्हणू शकत नाही. निदान हा म्हणू शकत नव्हता.

आठवडे गेले. डॉक्टरबाई रोज विचारायच्या, तो म्हणायचा शोधतोय. खोटं बोलायची सवय नसल्यामुळे ते म्हणताना तो खिडकीबाहेर बघायचा. डॉक्टरबाईंना डोळे होते. एके दिवशी त्यांनी खुर्ची जवळ ओढून सांगितलं की अंडी फुटायला आता फार दिवस नाहीत, उद्यापर्यंत बीळ मिळालं नाही तर त्या स्वतः घरी येतील.

बायको म्हणाली, "आई दुपारी झोपते तेव्हा उरका ना. काय ते एकदाचं संपवा." त्या दुपारी तो फावडं घेऊन गेलाही. खुर्ची रिकामी होती, तिच्या हातावर सासूची शाल टाकलेली होती. तो बराच वेळ उभा राहिला. मालकिणीला त्याने सांगून नेलं होतं. ही अंडी चोरून नेली असती तर उरलेलं आयुष्य तो त्या घरात खरोखरच पाहुणा झाला असता. त्याने फावडं भिंतीला टेकवलं आणि तो रस्त्यावर जाऊन उगाच बंदरापर्यंत चालत गेला. डॉक्टरबाई येणार, सासूला त्यांच्यासमोर उठावं लागणार, आणि हे सगळं आपल्यामुळे, या विचाराने त्याला घरीही जाववेना आणि बाहेरही राहवेना.

तो परतला तेव्हा ऊन उतरलं होतं. सासू खुर्चीवर होती. अंगणात एक मादी फिरत होती, पोटुशी, कुशी फुगलेल्या, मानेवर पांढरा-लाल-पांढरा. मणीवाल्याने जुन्या सवयीने मणी वाचले, मग स्वतःवरच चिडून दुर्बीण लावली आणि कानाखाली पाहिलं. स्वच्छ. शेपूट एकरंगी. ही इथली, आणि काही दिवसांपूर्वीच ऑफिसात रक्त तपासून खात्री करून सोडलेली.

ती खुर्चीपाशी आली, पुढच्या पायांनी वाळू उकरू लागली, खुर्चीच्या लोखंडी पायाला नख अडकलं तशी दचकून मागे सरली. कुंपणापर्यंत गेली. तिथली माती त्याने आधीच उलथीपालथी करून ठेवली होती, खाली सगळा दगड होता. ती पुन्हा खुर्चीकडे आली. पुन्हा उकरलं, पुन्हा मागे. सासू पाय वर घेऊन बसली होती, तिला बघत.

"सकाळपासनं हेच चाललंय हिचं," ती मणीवाल्याकडे न बघता म्हणाली. "फिरतेय बिचारी तुमच्यासारखी. बूड टेकायला जागा नाही."

मादी भिंतीवर चढून बसली आणि तिथून खाली वाळूकडे बघत राहिली. तिच्या पोटाचा भाता हलत होता.

"हिला दुसरीकडे नाही का जाता येणार?"

"जाईल," तो म्हणाला. "पण सगळीकडे दगड आहे. वाळू इथेच आहे. नाही जमलं तर वरच घालते, मग वाळून जातात."

सासूने हात पुढे केला.

"पाहुणे, हात द्या."

त्याने हात दिला. ती उठली, काठी टेकत दोन पावलं बाजूला झाली आणि म्हणाली, "आता खुर्ची उचला." त्याने खुर्ची उचलून पडवीत ठेवली. भिंतीला टेकवलेलं फावडं त्याने घेतलं नाही. तो गुडघ्यांवर बसला आणि हातांनी वाळू उपसू लागला. बीळ लागलं, मनगटभर, मग कोपरभर, आणि मग बोटांना पहिलं अंडं लागलं. लांबट, पांढरं, मऊ सालीचं, ऊन साठून कोमट झालेलं. ते त्याने बादलीत ठेवलं. दुसरं ठेवलं. बायको दारात येऊन उभी राहिली होती, ती पुढे आली नाही.

बादली निम्मी झाली तेव्हा सासूने विचारलं, "एक ठेवलं तर? एकच. काचेच्या पेटीत ठेवीन, झाडावर सोडणार नाही."

मणीवाल्याचा हात खांद्यापर्यंत वाळूत होता. डॉक्टरबाई परवानगी देणार नाहीत, असं म्हणून त्याला सुटता आलं असतं. पण बोटीचे कितीतरी अशाच पेट्या-पिंजऱ्यांतून तर आले होते, आणि हे तिला कुणी दुसऱ्याने सांगावं असं त्याला वाटलं नाही.

"नाही, आई," तो म्हणाला.

सासूने मान हलवली. "माहीत होतं. विचारून बघितलं, एवढंच."

ती आत जाईल असं त्याला वाटलं. ती गेली नाही. काठीवर दोन्ही हात ठेवून तिथेच उभी राहिली, भिंतीवरच्या मादीवर एक नजर ठेवून. बीळ रिकामं झालंसं वाटून त्याने हात बाहेर काढला आणि वाळू झटकली.

"अजून खोल घाला हात," ती म्हणाली. "त्या दिवशी ती बराच वेळ आत होती."